जोडमामांचा कान

टिक्कन काहीतरी फरशीवर पडलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. त्याआधी घरात इतकी शांतता होती, की तो एवढासा आवाजही मला झोपेतून उठवायला पुरला. रात्रभर बर्फ पडला की आमच्याकडे सकाळ अशीच येते, कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी. ठकी माझ्या पोटाशी गुडघे लावून झोपली होती. तिचा हात गळ्यावरून अलगद काढला आणि मी बाहेर आले.

बाबा आरशासमोर उभे होते. शर्टाची वरची दोन बटणं लागलेली, तिसऱ्याच्या जागी काहीच नाही.

"धागाच कुजका," ते आरशातूनच म्हणाले. "हल्ली शिवतात की शिवल्यासारखं करतात, देव जाणे."

"मला हाक मारायची ना."

"बटण लावायला? उद्या म्हणशील, नाक पुसायलाही हाक मारा."

मी वाकून कपाटाखालून बटण काढलं. त्याच्या दोऱ्याबरोबर कापडाचाही एक तुकडा उपटून आला होता. कुजक्या धाग्याने कापड फाटत नाही. पण सकाळच्या घाईत बाईमाणूस दिसेल ते नुसतं बघतं, आणि विचार करायचं काम डब्यात भरून बरोबर नेतं. ठकीला उठवायचं होतं, तिचे मोजे रेडिएटरवरून काढायचे होते. नवरा डोंगरावरच्या लिफ्टची यंत्रं सांभाळतो, हिवाळ्यात रविवारीच घरी येतो. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे असतात, त्यामुळे निदान ठकीला शाळेत सोडायचं काम माझ्या डोक्यावर नसतं. ते तिला सोडतात आणि तसेच वर कारखान्यात येतात. मी चेनवाला स्वेटर त्यांच्या हातात दिला आणि बटणाचा विषय तिथेच संपला.

आमचा कारखाना स्कींचा. गावाच्या वरच्या टोकाला, रस्ता संपून उतार सुरू होतो तिथे, पत्र्याच्या छपराची लांबलचक शेड आहे. तीस-पस्तीस माणसं. मध्ये लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली काचेच्या तंतूंचं कापड, तळाला काळी गुळगुळीत पट्टी, दोन्ही अंगांना पोलादी कडा, आणि सगळ्यांना धरून ठेवायला राळ. हे थर एकावर एक रचून प्रेसमध्ये घालायचे, की तासाभराने गरमागरम स्की बाहेर येते. थोडे स्नोबोर्डही आम्ही काढतो. पण बोर्डाला जोडीदार लागत नाही, त्याच्यावर दोन्ही पाय ठेवून माणूस आडवा उभा राहतो. म्हणून बाबा बोर्डाला 'संन्यासी' म्हणतात.

स्की मात्र संसारी. तिला जोडी लागते, आणि ती जोडी लावायचं काम बाबांचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात लावायचं काय? एका साच्यातून निघालेल्या दोन उचलायच्या आणि बांधायच्या. पण लाकूड म्हणजे शेवटी झाडच. एकीच्या गाभ्यात रेषा दाट येतात, दुसरीच्या विरळ. एक ताठ निघते, एक मऊ. सख्ख्या बहिणी असाव्यात तशा. नाकडोळे सारखे, स्वभाव निराळे. अशा दोन निराळ्या स्वभावांच्या स्की एकाच माणसाच्या पायात घातल्या, तर वळणावर एक पाय लवकर वळतो आणि दुसरा रेंगाळतो. मग माणूस पडतो. म्हणून प्रत्येक स्की हाताने वाकवून बघायची. शेपूट जमिनीवर टेकवायची, टोक एका हाताने धरायचं, दुसऱ्या हाताचा तळवा पोटावर ठेवून दाबायचं. किती वाकली, कुठून वाकली, सोडल्यावर परत कशी आली, हे सगळं तळव्याला आणि बोटांना कळायला हवं. मग तशीच दुसरी शोधायची. सापडली, की दोघींना पाठीला पाठ लावून बाबा त्यांच्या बाजूवर पेन्सिलीने एकच आडवी रेघ मारत. अर्धी रेघ हिच्यावर, अर्धी तिच्यावर. आणि म्हणत, "नांदा!"

म्हणून ते सगळ्या कारखान्याचे जोडमामा. गेली अकरा वर्षं. त्याआधीची वीस त्यांनी कडा घासायच्या यंत्रावर काढली, घरघरणाऱ्या दगडावर पोलाद धरून. तेव्हा ते घरी आले तरी त्यांचे हात जेवताना बारीक थरथरायचे, आणि आई म्हणायची, "यंत्र तिथेच ठेवून या की हो."

मी त्याच कारखान्यात कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसते. तिला कसोटीची खोली म्हणतात. माझं काम जोड्यांचं नाही, नव्या नमुन्यांचं. नवी स्की किती वाकते, किती थरथरते, ते मोजायचं आणि ती कशी सुधारेल ते बघायचं. गेले दोन हिवाळे मी एकाच गोष्टीच्या मागे होते. कडक बर्फावरून वेगाने जाताना स्की थरथरते. थरथरली की तिची कड बर्फावरून क्षणभर सुटते, आणि तेवढा क्षण घसरायला पुरेसा असतो. ती थरथर आतल्या आत जिरवायची होती, आणि तरी वाक तसाच ठेवायचा होता. खूप नापास नमुन्यांनंतर मी कडांच्या वर आणि गाभ्याच्या खाली रबराचा एक पातळ थर बसवला, पोस्टकार्डाएवढा जाड. स्की तशीच वाकू लागली, पण टोला मारला तर थरथर उठल्याबरोबर मरून जायची. पडद्यावरची ती नागमोडी रेघ दोन वेटोळ्यांत सपाट झालेली बघितली, त्या दिवशी मी खोलीचं दार लावून एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या स्कीच्या साठ जोड्यांची पहिली मागणी आली ती खालच्या स्की-शाळेकडून. मोठ्या मुलांच्या मापाच्या. साठही जोड्या रेघा मारून तयार होत्या. शुक्रवारी सकाळी जायच्या होत्या. त्यांतली एक जोडी शाळेच्या मॅडमनी आधी वापरून बघायला नेली होती. मॅडम चणीने लहान, पोरांच्या मापाची स्की त्यांना होते.

त्या बुधवारी सकाळी त्या ती जोडी काखोटीला मारून माझ्या दारात उभ्या राहिल्या. बुटांचा बर्फही झटकला नव्हता.

"काय हो, या दोघींचं काही भांडण झालंय का?"

"का? थरथरतात?"

"छे, थरथर नावाला नाही. लोण्यावरून गेल्यासारखं वाटतं. पण उजवी माझ्याआधी वळते आणि डावी विचार करत बसते. मला वाटलं माझंच वय झालं. पायांत अदलाबदल केली, तर डावी आधी वळायला लागली. म्हणजे मी नाही, याच."

मी हसले. चहा पाजून त्यांना वाटेला लावलं, आणि जोडी यंत्रावर चढवली. दोन आधारांवर स्की आडवी ठेवायची, मधोमध दहा किलोचं वजन लटकवायचं आणि पोट किती खाली आलं ते वाचायचं. पहिली एकतीस मिलिमीटर. दुसरी सदतीस.

जोडीत एकाचा फरक चालतो. फार तर दीडाचा. सहा म्हणजे त्या बहिणीही नव्हत्या, शेजारणीसुद्धा नव्हत्या.

एखादी चूक कुणाचीही होते, असं मी स्वतःला सांगितलं आणि मांडणीवरून आणखी पाच जोड्या आणल्या. दोन बऱ्या निघाल्या. तीन वाईट. मग जुन्या प्रकारच्या, रबर नसलेल्या सहा जोड्या आणल्या. त्याही बाबांनीच, याच महिन्यात लावलेल्या. सहाच्या सहा अगदी तंतोतंत, अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

हे मला उमगेना. माणूस चुकायला लागला तर सगळीकडेच चुकेल. फक्त माझ्याच स्कीवर कसा चुकेल?

मी काचेतून बघत राहिले. बाबांचं टेबल माझ्या खोलीसमोरच आहे, पण रोज समोर असतं त्याच्याकडे आपण बघत नाही. त्यांनी जुन्या प्रकारची एक स्की उचलली. शेपूट जमिनीवर, तळवा पोटावर, दाबली. सगळं नेहमीसारखं, पण भराभर, हजेरी दिल्यासारखं. मग त्यांनी ती टोकाशी दोन बोटांत धरून हवेत लोंबती सोडली, बोटाच्या पेराने तिच्या अंगावर एक टिचकी मारली, आणि मान तिरकी केली. कान स्कीजवळ नेला. डोळे मिटले. दुसरी घेतली. टिचकी. मान. तिसरी, चौथी. चौथीला त्यांचा चेहरा उजळला. पहिली आणि चौथी पाठीला पाठ. रेघ. ओठ हलले. नांदा.

बाबा हाताने बघत नव्हते. ते ऐकत होते.

ताठ स्की उंच वाजते, मऊ स्की खाली. गाभा सारखा, वजन सारखं असेल तर आवाजावरून वाक ओळखता येतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. कुणी ते नुसत्या कानाने अर्ध्या मिलिमीटरपर्यंत करतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

मी माझी रबरवाली स्की उचलली आणि टोकाशी धरून टिचकी मारली. गादीवर बुक्की मारावी तसा आवाज आला. दुसरीला मारली. तसाच. एकतीसची आणि सदतीसची, दोघी तितक्याच मुक्या.

थरथर मी मारली होती. पण आवाज म्हणजे तरी दुसरं काय असतं?

मग ते उपटलेलं बटण, कापडाच्या तुकड्यासकट, डब्यातून बाहेर आलं.

चहाच्या सुट्टीत सगळे भट्टीजवळ जमतात. बाबा नेहमी मागच्या बाजूला, लाकडाच्या फळ्यांवर बसतात. मी दोन पेले घेऊन तिथे गेले. त्यांनी पेला दोन्ही तळव्यांत धरला. बोटांनी नाही.

"आज मास्तरीणबाई इकडे?" ते म्हणाले. मोजमापं घेते म्हणून मी मास्तरीण. "नापास झालं की काय कुणी?"

"बाबा, बोटांना कळत नाही ना तुमच्या?"

त्यांनी चहा फुंकला. प्यायले नाहीत.

"थंडीत पांढरी पडतात. इथे कुणाची पडत नाहीत?"

"पांढरी पडतात ते नाही विचारलं मी."

भट्टीकडून भोंग्याचं हसणं ऐकू आलं. भोंगा म्हणजे आमचा प्रेसवाला. प्रेस चालू असतानाही त्याचं बोलणं फाटकापर्यंत जातं. बाबांनी तिकडे बघितलं, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. काचेतून."

"बघत होतीस होय." ते थोडं हसले. "करंगळीपासून सुरू झालं. मग एकेक करत सगळी पंगतीला बसली. अंगठा तेवढा अजून थोडा जागा आहे."

"कधीपासून?"

"हा तिसरा हिवाळा."

"तीन वर्षं! आणि घरात एका शब्दाने नाही?"

"सांगून काय बोटं बदलून आणणार होतीस? वीस वर्षं त्या दगडाने हादरवलीत, तो हिशेब आता कुणाकडे मागायचा." त्यांनी पेला फळीवर ठेवला; ठेवताना नीट बघून ठेवला. "पहिल्या दिवशी घाबरलो गं. सकाळी स्की दाबली, आणि हातात काहीच येईना. कुणीतरी दुसराच दाबतोय आणि मी बाजूला उभा आहे, असं. आता उठावं, मालकीणबाईंना सांगावं आणि घरी जावं, असं ठरवून स्की टेबलावर ठेवली. जरा आपटलीच. तर वाजली. दुसरी आपटली, ती वेगळी वाजली. म्हटलं, अरे, ही तर बोलतेय."

"आणि तुम्ही ऐकायला लागलात."

"दोन महिने रोज दोन्ही केलं. हाताला थोडंफार कळायचं तोवर हात आणि कान ताडून बघितले. मग हात सुटला, कान राहिला." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चुकली का एखादी?"

खोटं बोलायची ती जागा होती. मला ती स्पष्ट दिसली, रस्त्यात दार उघडं दिसावं तशी.

"जुन्यांतली एकही नाही. मी तपासल्या. मशीनलाही इतकं जमणार नाही."

"मग?"

"नव्यांतल्या चुकल्यात. सहातल्या चार."

त्यांनी फळीवरचा पेला पुन्हा उचलला. मग म्हणाले, "पण त्या तर सगळ्या सारख्या आहेत."

"सारख्या वाजतात, बाबा. रबर आवाज गिळतं. सारख्या नाहीत."

त्यांचा चेहरा उतरला नाही. उतरला असता तर बरं झालं असतं. ते नवल वाटल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

"मला वाटलं," ते म्हणाले, "पोरीने काय स्की बनवलीय! इतकी वर्षं झाली, एकीसारखी दुसरी कधी मिळाली नाही, शोधून शोधून दमायचो. आणि हिने अशी बनवली की कुठलीही उचला, कुठलीशीही लावा. भोंग्याला सांगितलं मी. म्हटलं, आता माझी गरज उरली नाही बघ, माझ्याच पोरीने घालवली. कॉलर ताठ करून सांगितलं."

मागच्याच आठवड्यात ते जेवताना मला म्हणाले होते, "गुणी आहेत हो तुझ्या स्की, एका वळणाच्या." आणि मी लाजून पाण्याचा पेला भरत बसले होते. मला ते कौतुक वाटलं होतं. त्यात काय नाही, ते ऐकायला हवं होतं.

"मी आज संध्याकाळी थांबते," मी भराभर म्हणाले. "उद्याही थांबेन. सगळ्या मोजते, परत जुळवते. रेघा पुसून तुमच्यासारख्याच मारते. शुक्रवारी जातील, कुणाला पत्ता लागणार नाही. तुमच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्षच राहिलंय."

"आणि पुढची खेप?"

"तीही करेन."

"ठकीला कधी निजवशील? आणि माझी रेघ तू मारणार?"

"मग काय करू? बाईंना जाऊन सांगू, की माझ्या बाबांना..."

"ते तू नाही सांगायचंस." ते उठले. उठताना मी दंडाला धरलं, तर त्यांनी हात सोडवून घेतला नाही, एवढंच. "पोरांच्या पायांत जाणार आहेत त्या. एखादं पोर पडलं, तर त्याची आई म्हणेल, तुझाच पाय वाकडा. आणि पोराला ते खरं वाटेल. आज त्या मॅडमलासुद्धा वाटलंच की नाही?"

"तुम्हाला कसं कळलं मॅडमचं?"

"कान चांगलाय ना," ते म्हणाले आणि आत गेले.

मालकीणबाईंना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. त्या कमी बोलतात. बाबा त्यांच्या खोलीत गेले आणि दार लागलं. मी काचेमागे बसून एकाच आकड्याकडे बघत राहिले. दहा मिनिटांनी दोघं बाहेर आले आणि सरळ साठ जोड्यांच्या मांडणीपाशी गेले. मीही गेले.

"मामा, मशीन लावून बघू सगळ्या," बाई म्हणत होत्या. "त्यात एवढं काय? उद्यापर्यंत होईल."

"बघाच. पण आधी माझ्या रेघा पुसतो. रेघ असताना मशीनला लावायची म्हणजे सोडचिठ्ठी न घेता दुसरा घरोबा."

बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी स्वतः जाऊन पुसायचं औषध आणि फडकं आणून दिलं.

बाबांनी पहिली जोडी घेतली. फडक्यावर औषध ओतताना ते बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. बर्फासारखं गार असतं ते, मला ठाऊक आहे. आम्ही सगळेच हात झटकतो. त्यांनी झटकला नाही. रेघ पुसली, दोघींना वेगळं केलं, एक भिंतीला उभी, एक समोरच्या मांडणीवर. दुसरी जोडी. तिसरी. भोंगा प्रेस सोडून आला.

"काय मामा, लावलेले संसार मोडायला निघालात या वयात?" तो नेहमीच्या आवाजात ओरडला. मग त्याने बाईंचं तोंड बघितलं, माझं बघितलं, आणि त्याचा आवाज एकदम माणसांएवढा झाला. "द्या इकडे, मी पुसतो."

"लावल्या मी, मोडणार मीच. तू बाटली धर. सांडतेय माझ्याकडून."

भोंग्याने बाटली धरली. शेवटची रेघ पुसेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही, आणि कारखान्यातल्या अर्ध्या लोकांना वाटलं, त्याची तब्येत बिघडलीय.

मग मोजायला सुरुवात झाली. बाबा एकेक स्की आणून माझ्या यंत्रावर ठेवत. मी वजन लटकवायची, आकडा म्हणायची, खडूने तळावर लिहायची. ते उचलून आकड्याच्या रांगेत नेऊन उभी करत. बत्तीस. चौतीस. एकतीस. पंधरा-वीस झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आकडा सांगायच्या आधी ते प्रत्येक स्की क्षणभर दाबून बघतायत. तळव्याने. आणि आकडा ऐकून आपल्याशीच मान हलवतायत. जुळलं म्हणून की जुळलं नाही म्हणून, ते मी विचारलं नाही.

तेहतीसच्या रांगेत दोन आल्या. मी त्यांना पाठीला पाठ लावलं आणि पेन्सिल बाबांपुढे धरली.

"मला कशाला?"

"रेघ."

"जुळवली यंत्राने. तू आकडा लिही." त्यांनी पेन्सिल माझ्या हातात परत बंद केली. "आकडाच बरा. उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतो."

मी दोघींवर तेहतीस-तेहतीस लिहिलं. ते काहीतरी म्हणतील म्हणून थोडी थांबले. पण ते पुढची आणायला गेले होते.

साडेतीनला पंचेचाळीस स्की झाल्या. बाई येऊन बघून गेल्या. जाताना बाबांना म्हणाल्या, "उद्यापासून टेबल हिच्याच खोलीत आत घ्या, मामा. जुन्यांचं तुमचं तुम्ही चालू ठेवा." बाबा म्हणाले, "जुन्या आता किती निघणार, बाई? सगळ्यांना रबरच हवंय. आणि बरोबर आहे त्यांचं." बाईंनी आम्हा दोघांना लवकर घरी जायला सांगितलं.

म्हणून त्या दिवशी ठकीला आणायला आम्ही दोघं गेलो. एरवी तिला दुपारी शेजारच्या काकू आणतात. फाटकातून ती टोपी नाकापर्यंत ओढून आली, आणि आम्हाला बघून जागच्या जागी उडीच मारली.

"दोघं? आज कुणाचा वाढदिवस आहे?"

"कुणाचा नाही," बाबा म्हणाले. "माझी बदली झाली."

"कुठे?"

"तुझ्या आईच्या हाताखाली."

"बापरे!" ठकी म्हणाली. "ती ओरडते."

"ऐकलं का, मास्तरीणबाई? शाळेपर्यंत कीर्ती आहे."

"पण बदली का झाली?"

मी काहीतरी बोलून विषय बदलणार होते. बाबा बर्फातच उकिडवे बसले, तिच्या उंचीला आले आणि हातमोजा काढून पंजा तिच्यासमोर धरला.

"ही आहेत ना, ही झोपलीत. त्यांना काही कळत नाही आता. कामावर झोपलं तर कसं चालेल?"

"उठव ना मग त्यांना."

"उठतच नाहीत."

ठकीने दप्तर माझ्याकडे दिलं आणि त्यांच्या मधल्या बोटाला चिमटा काढला. "दुखलं?"

"नाही."

ओठ आवळून आणखी जोरात काढला. "आता?"

"छे!"

तिला फार गंमत वाटली. पाचही बोटं तपासून झाली. अंगठ्याला ते मुद्दाम "आई गं" म्हणाले आणि ती खिदळली.

"कधीपासून झोपलीत?"

"झाली तीन वर्षं. तू शाळेत जायला लागलीस, त्याच्याही आधीपासून."

बाबांनी हातमोजा चढवला आणि आम्ही निघालो. ठकी बडबड करत होती. वर्गातल्या बाईंनी काय शिकवलं, कुणी कुणाची पेन्सिल चावली. मग हळूहळू गप्प झाली. बाबा पाच-सहा पावलं पुढे होते, निसरडं कुठे आहे ते बुटाने चाचपत. पाणवठ्याच्या वळणावर रोज बर्फाचा काचेसारखा थर धरतो. तिथे ते थांबले आणि मागे न बघताच, रोजच्या सवयीने, त्यांनी हात खाली सोडून एक बोट मागे धरलं.

ठकी धावली नाही. ती माझ्या कोटाला बिलगली आणि त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"आई, मग मी रोज आजोबांचं बोट धरते, ते त्यांना कळतच नव्हतं?"